गॅसवरचा फ्रिज: ज्योत पेटते, पण आत गारवा नाही

गोव्यात काणकोणला आमच्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) घरी एलपीजीवरचा फ्रिज आहे. ज्योत चालू, मागची धुराडी चटका बसण्याइतकी तापलेली, आत मात्र दूध नासतंय. सिलिंडर बदलला, रेग्युलेटर नवा घातला, फरक शून्य. मेकॅनिक आला तो कॉम्प्रेसरच शोधत बसला. डोकं फिरायची वेळ आली.

या फ्रिजात कॉम्प्रेसर नसतोच. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून वेगळा होतो, वरच्या नळ्यांत निवून द्रव बनतो. पुढे हायड्रोजन भरलेल्या नळीत त्याची वाफ होताना तो आतली उष्णता ओढतो, मग पाणी त्याला परत शोषून घेतं. पंप नाही, द्रव उतारानेच वाहतो. फ्रिज कलला की चक्र अडलं. पावसात आमची जमीन एका कोपऱ्यात खचली होती.

आधी सिलिंडर बंद करून फ्रिज पूर्ण निवू दिला. फ्रीझरच्या तळावर गवंड्याची लेव्हल आडवी-उभी ठेवून पायाखाली फळीचे तुकडे सरकवले. धुराडीतली पिळाची पट्टी काढून काजळी ब्रशने झाडली. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, स्पिरिटमध्ये भिजवून फुंकला; टाचणी अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासली, मगच पेटवला. पिवळी ज्योत निळी झाली. मागे वीतभर मोकळी जागा ठेवली. सकाळी ट्रेमध्ये बर्फ!

अमोनियाचा झणझणीत वास किंवा नळ्यांवर पिवळे डाग दिसले, तर मात्र फ्रिज लगेच बंद करून खिडक्या उघडा. ते घरी दुरुस्त होत नाही.