दिव्यांग पाहुण्यांसाठी शेत खुले करताना या चुका टाळा

शेतपर्यटन सुरू करणारे लोक सल्ला मागायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: रॅम्पला खर्च किती येईल? पाहुणा गाडीतून उतरतो, शेत पाहतो, जेवतो, स्वच्छतागृह वापरतो आणि पुन्हा गाडीत बसतो; ही साखळी एका जागी जरी तुटली, तरी रॅम्पवरचा खर्च पाण्यात जातो. ती कोठे तुटते हे अंदाजाने कळत नाही, त्यासाठी मोजपट्टी घेऊन सगळी वाट फिरावी लागते आणि नेमका याच कामाचा सर्वांना कंटाळा असतो.

"काळजी करू नका, आमची पोरे उचलून नेतील"

हे वाक्य ऐकले की माझ्या कपाळावर आठी पडते. एका फळबागेच्या मालकांनी फोनवर असाच दिलासा दिला होता. आलेल्या बाई बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर होत्या, आणि अशी खुर्ची बसलेल्या माणसाचे वजन धरले नाही तरी शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते. फळे चाखण्याचा कार्यक्रम तीन पायऱ्या चढून ओट्यावर होता. पोरांनी उत्साहाने हात घातला तो खुर्चीच्या हातांना. ते काढता-घालता येणारे असल्यामुळे एक हात सुटून पोराच्या मुठीत आला, खुर्ची पहिल्या पायरीवर तिरकी झाली आणि बाईंनी कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. शेवटी त्यांना खाली उतरवण्यात आले, बाकीची मंडळी वर गेली आणि बाईंसाठी एक ताटली वाहनतळावर आणून देण्यात आली. नंतर मालक मला म्हणाले, "बाई फार समजूतदार निघाल्या हो." दुसरा मार्गच ठेवला नसेल तर माणूस समजूतदार होणार नाही तर काय करणार?

त्यानंतर आठवड्याच्या आत तेथे लोखंडी पत्र्याचा दीड मीटर लांबीचा उतार आला, आणि तो पायऱ्यांपेक्षा धोकादायक होता. उताराचे प्रमाण 1:12 पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे 15 सेंटीमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी 5.4 मीटर लांबी लागते. त्याशिवाय दोन्ही टोकांना खुर्ची वळेल एवढी सपाट जागा, बाजूंना कठडा आणि ओल्यातही न घसरणारा पृष्ठभाग लागतो. एवढी जागा नसेल तर पत्रा टाकून वेळ मारून नेऊ नये. मी तर बांधकामाच्या आधी एकच विचारतो: हा कार्यक्रम खाली सपाट जमिनीवर घेता येणार नाही का? बहुतेक वेळा तो घेता येतो, फक्त ओटा छायाचित्रात छान दिसतो म्हणून कोणी तयार नसते.

स्वच्छतागृहाच्या दारावर चित्र लावले की झाले, हा समज

दारावर व्हीलचेअरचे चित्र आणि आत केरसुण्या, बादल्या व रिकामे कॅरेट, हे दृश्य इतक्या ठिकाणी दिसते की आता त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लावता येत नाही, आणि पाहुणा आत पडला तर दार अडते व बाहेरून मदत करणेही कठीण होते. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटीमीटर, आत वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची जागा आणि कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावून सरकता येईल एवढी मोकळीक, ही मापे कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष वस्तू मांडल्यावर घ्यावीत. हाताने धरायच्या दांड्यावर मी स्वतः पूर्ण भार टाकून पाहतो. विटेत खोलवर न बसवता नुसत्या गिलाव्यात अडकवलेला दांडा तेव्हाच हलतो, आणि पाहुण्याच्या हाताखाली हलण्यापेक्षा माझ्या हाताखाली हललेला बरा.

वाटेवर सुटी खडी पसरणे ही हौसेने केलेली चूक आहे; व्हीलचेअरची पुढची लहान चाके तीत रुततात आणि कुबड्या सरकतात. दगडाची बारीक भुकटी ओली करून दाबून बसवावी, आणि आडवे गेलेले पाण्याचे पाइप वाटेखालून न्यावेत.

जेवणाच्या बाबतीत उंच टेबलांभोवती उभे राहून चव घेण्याची पद्धत अनेकांना बाहेर ठेवते. टेबलाखाली गुडघे जाण्यासाठी सुमारे 70 सेंटीमीटर उंचीची मोकळी जागा हवी आणि मधला आडवा दांडा नको. पदार्थांची यादी छायाचित्र म्हणून पाठवू नका, कारण दृष्टिहीन पाहुण्याच्या फोनला साधा मजकूर नीट वाचून दाखवता येतो, चित्रातल्या अक्षरांचा भरवसा नसतो. स्थानिक पदार्थाच्या नावावरून परक्या माणसाला घटक कळत नाहीत, म्हणून ते लिहावेत. ताटात काय कोठे आहे हे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावे: भात सहावर, भाजी तीनवर. वाकणाऱ्या नळ्या जवळ ठेवाव्यात. काहींना त्यांच्याशिवाय पिताच येत नाही, आणि कागदी नळी गरम पेयात लगदा होते.

माहिती सांगणारा माणूस पुढे चालत, पाहुण्यांकडे पाठ करून बोलत असेल तर ओठ वाचणाऱ्या पाहुण्याला काहीच मिळत नाही. थांबावे, वळावे, मग बोलावे. दूध काढण्याच्या यंत्राशेजारी तर बोलूच नये. प्रश्न सोबत्याला न विचारता पाहुण्यालाच विचारावा.

"असे पाहुणे आमच्याकडे येतच नाहीत" म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातील कलम 30 पर्यटनस्थळांपर्यंत पोहोचण्याचा हक्क मान्य करते, त्यामुळे हा मालकाच्या दयाबुद्धीचा विषय राहत नाही. ते येत नाहीत कारण फोनवर "सगळे सुलभ आहे" एवढेच ऐकायला मिळते. त्याऐवजी दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, वाटेचा पृष्ठभाग आणि जे जमत नाही तेही लिहून कळवावे. येणे जमेल की नाही हे पाहुणा स्वतः ठरवतो, आणि मालकांपेक्षा नेमके ठरवतो.

जनावरांच्या गोठ्यापाशी पाय निर्जंतुक करण्यासाठी ठेवलेली कुंडी व्हीलचेअरला ओलांडता येत नाही, आणि ती टाळून चाके तशीच आत नेली तर एका शेतातला रोग दुसऱ्या शेतात जाऊ शकतो. तेथे फवारणीची बाटली आणि कडक ब्रश ठेवावा, आणि पाहुण्याला विचारूनच त्याच्या चाकांना व कुबड्यांच्या टोकांना हात लावावा.