तिसऱ्या सत्राआधीची धास्ती आणि थोडी मौज

सीमाभागातला मराठी विद्यार्थी इतिहासात एम. ए. करू लागला, की त्याला अभ्यासापेक्षा कन्नडची धास्ती अधिक वाटते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले. शाळेत कन्नड हा विषय असल्यामुळे बसच्या पाट्या आणि नाडकचेरीतले, म्हणजे गावपातळीवरच्या महसूल कार्यालयातले, अर्ज वाचता येतात. मात्र कन्नडमधून चाललेली चर्चा ऐकत, इंग्रजीत टिपणे काढत, मनात मराठीतून अर्थ लावत बसणे ही निराळीच कसरत आहे. आता तिसरे सत्र तोंडावर आले असताना, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांनी या कसरतीची तयारी सुटीतच सुरू करावी, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. जिल्ह्याची एखादी बातमी आधी मराठी वर्तमानपत्रात वाचावी आणि मग तीच कन्नड वर्तमानपत्रात मोठ्याने वाचावी. मजकूर ठाऊक असल्यामुळे अनोळखी शब्दांचाही अंदाज येतो आणि वाचनाचा वेग वाढतो. माझी एक कन्नडभाषक मैत्रीण आहे. ती मला शिलालेखांवरचे कन्नड लेख समजावून देते आणि मी तिला पेशवेकालीन मराठी पत्रांचा अर्थ लावून देते. या देवघेवीत दोघींचाही अभ्यास होतो, शिवाय चहा कोणी पाजायचा यावरून भांडायलाही मिळते.

कागदपत्रांची काळजी कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव शेवटी आणि आधार कार्डावर आधी, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या पोर्टलवर भरताना नेमके तेथेच घोडे अडते, म्हणून नावे जुळतात की नाही आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे सत्र सुरू होण्यापूर्वीच पाहून घ्यावे. मुलींना जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून राज्यात मोफत प्रवास करता येतो. वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो, हे शिक्षणासाठी कोल्हापूरला राहून तिकडचा पत्ता घेतलेल्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

सध्या माझी खरी झोप उडवली आहे ती प्रबंधिकेच्या विषयाने. खानापूर तालुक्यातल्या हलशीला सापडलेल्या, कदंब राजघराण्याच्या ताम्रपटांवर काम करावे, असे फार मनात आहे, परंतु ते संस्कृतात आहेत, इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी ते प्रसिद्ध केल्यालाही शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि त्यात नवे काय सांगणार, हा प्रश्न कोणीही विचारील. दुसरा विषय १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचा. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन असल्यामुळे त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तरीही त्या दिवसांत बेळगावातल्या टिळकवाडीच्या आसपासच्या सामान्य घरांत काय चालले होते, हे शोधण्यास अजून वाव असावा, असे मला वाटते.

विषय डोक्यात घोळत असला की मी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, जाते. रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ च्या सुमारास बांधलेल्या या मंदिराच्या छतातून दगडी कमळ खाली उतरलेले आहे. बाहेर ऊन कितीही असो, आतली फरशी पायाला गार लागते आणि मान वर करून एकेक पाकळी न्याहाळताना वेळेचे भान राहत नाही. तेथे बसून विषय सुचतोच असे नाही, परंतु उत्साह टिकतो. दुसरी मौज सार्वजनिक वाचनालयाची. १८४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुने ग्रंथ चाळताना, शोधायला गेलेले बाजूला राहून भलतेच काही हाती लागते.

मार्गदर्शकांकडे जाताना विषयाचे नुसते नाव घेऊन जाऊ नये, असे वरच्या वर्गातल्या ताईंनी मला सांगितले आहे. त्यामुळे दोन्ही विषयांसाठी कोणती साधने बेळगावात मिळतील आणि कोणत्या साधनांसाठी धारवाडला जावे लागेल, याची टिपणे मी सध्या काढते आहे. अधिवेशनाचे पान हलशीच्या पानापेक्षा झपाट्याने भरत चालले आहे.