विषय निवडायचाय? आधी तिसऱ्या वर्षाचा पेपर वाचा

मे 2022 मध्ये मी कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले. त्याआधीची 34 वर्षं तिथेच गेली, त्यातली निम्म्याहून जास्त प्रवेशाच्या खिडकीवर. कॉलेजचं नाव सांगत नाही. पुण्यातलंच, आर्ट्स-सायन्स-कॉमर्सचं. जूनमध्ये मुलं हसत फॉर्म भरायची आणि त्यातलीच काही ऑगस्टमध्ये विषय बदलायचा अर्ज घेऊन जाळीपाशी उभी राहायची. अर्जात 'कारण' अशी एक ओळ असे. तिथे बहुतेक जण 'वैयक्तिक' लिहायचे. तोंडी विचारलं की खरं बाहेर यायचं: "मॅडम, मला वाटलं एक, निघालं भलतंच."

यंदा धाकट्या भावाची मुलगी सासवडहून आली. बारावी सायन्स, 71 टक्के, गणित घेतलेलं पण नकोसं झालेलं. वहीच्या मागच्या पानावर चार विषय लिहून आणले होते: सायकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, जिऑग्राफी आणि 'काहीतरी डेटा'.

"आत्या, यात स्कोप कशाला आहे?"

या 'स्कोप' शब्दाने मीही एकदा फसले आहे. 1982 साली मोठा भाऊ म्हणाला, इकॉनॉमिक्स घे, बँकेत लागशील. मी घेतलं. बँकेच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, हे मला टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, कळलं. तोवर स्पेशलचे, म्हणजे मुख्य विषयाचे, पेपर माझ्या गळ्यात होते आणि समवृत्ती वक्र काढताना माझी पेन्सिल नुसती कागदावर फिरायची. पास क्लास मिळाला. विषयात वाईट काही नव्हतं. मी त्यात काय असतं ते न बघता घेतला होता, इतकंच.

म्हणून भाचीला म्हटलं, स्कोपचं नंतर बघू. आधी या चारही विषयांचे तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम काढ.

पहिल्या वर्षाचे नकोत. पहिलं वर्ष सगळ्याच विषयांचं गोड असतं: ओळख, व्याख्या, इतिहास. विषय खरा काय आहे ते तिसऱ्या वर्षी दिसतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वेबसाइटवर विषयवार अभ्यासक्रम फुकट मिळतात. स्वायत्त कॉलेजांचे त्यांच्या त्यांच्या साइटवर. 'पॅटर्न'चं साल तेवढं बघून घ्या, नाहीतर जुनाच अभ्यासक्रम वाचत बसाल. मग त्याच विषयाच्या मागच्या परीक्षांचे पेपर मिळवा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारा, नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत फायली असतात. पेपर सोडवायचा नाही, नुसता वाचायचा. उत्तर येत नाही म्हणून घाबरू नका, ते कुणालाच येत नसतं. एवढंच बघा, की 'हे काय असेल बरं?' असं किती प्रश्नांना वाटतं. दहात तीनांनाही वाटलं नाही, तर वहीतल्या त्या नावावर काट मारायला हरकत नाही.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे दोन संध्याकाळी केलं.

सायकॉलॉजीत तिला माणसांची मनं हवी होती. समोर आलं प्रमाण विचलन, सहसंबंध, चाचण्यांची विश्वसनीयता, प्रयोगाचा अहवाल. "अगं, हे तर गणितच!" पूर्ण गणित नव्हे, पण स्टॅटिस्टिक्स टाळून हा विषय होत नाही. शिवाय नुसत्या बी.ए.वर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी पुढचं ठरावीक शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. हे माहीत असून घेणारी मुलं टिकतात. मैत्रिणींना सल्ले छान देता येतात म्हणून घेणारी ऑगस्टमध्ये माझ्या खिडकीशी यायची.

'काहीतरी डेटा' तर दहा मिनिटांत आटोपलं. संभाव्यता, मॅट्रिक्स, प्रोग्रॅमिंग. खिडकीवरचा माझा अनुभवही हाच: बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला मुलं कॉम्प्युटर म्हणून यायची आणि जोडीला गणित, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स बघून हबकायची. कोर्सचं नाव जितकं नवं, तितका आतला अभ्यासक्रम नीट वाचावा.

मायक्रोबायोलॉजीवर मात्र ती रेंगाळली. हा विषय वाचून कळत नाही, बघावा लागतो. ओळखीच्या लॅब असिस्टंटला सांगून तिला सकाळच्या प्रॅक्टिकलला मागे उभं केलं. मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, बनवायचा, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यात, 121 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचा, प्लेटवर जंतू रेघायचे आणि मग 24 तासांनी, कधी 48 तासांनी, परत येऊन वाढ बघायची. परतल्यावर म्हणाली, "वास येतो. पण वासाचं काही नाही गं, मला एका जागी इतकं शांत उभं राहता येत नाही." ही गोष्ट अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेली नसते. हाताला काय जमतं आणि अंगाला काय सोसतं, हे बघितल्याशिवाय सायन्सचा विषय घेऊ नये.

जिऑग्राफीसाठी एका विभागात गेलो. तिथल्या सरांनी टोपोशीट उघडून दिल्या, सर्व्हे ऑफ इंडियाच्या, 1:50,000 प्रमाणाच्या, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तिने आधी सासवड शोधलं, मग कऱ्हा नदी, मग पुरंदर. किल्ल्यापाशी समोच्च रेषा अशा एकमेकींना खेटल्या होत्या की शाई सांडल्यासारखं दिसत होतं. "म्हणजे इथे कडा आहे?" तिने विचारलं. सर म्हणाले, "तूच सांग, चढली असशील ना." दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे कागदावरून डोंगर ओळखायचा होता. अर्धा तास ती हलली नाही. मी घड्याळ बघत होते, स्वारगेटहून तिची बस होती.

त्याच सरांनी हेही सांगितलं, की पुढे जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशांचं काम, येतं, त्यात कॉम्प्युटरसमोर तासन् तास बसावं लागतं आणि त्यात स्टॅटिस्टिक्सही आहे. गंमत म्हणजे नकाशाच्या जोडीने आलेलं स्टॅटिस्टिक्स तिला चाललं. त्यामुळे 'मला गणित आवडत नाही' हे वाक्य मुलांनी म्हटलं तरी लगेच खरं मानू नये. पुष्कळदा त्यांना गणित नको नसतं, कशासाठी करतोय ते न कळणं नको असतं.

आता शिक्षकांबद्दल. प्रॉस्पेक्टसमध्ये विषय छापलेला असणं आणि तो शिकवायला माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी होते त्याच कॉलेजात एका विषयाचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, तासिका तत्त्वावर नेमलेले दुसरे सर तीन महिन्यांत सोडून गेले. तिसऱ्या वर्षाला आठ मुलं. त्यांना वाऱ्यावर सोडलं म्हणायला हवं. पोर्शन त्यांनी आपापसांत वाटून पूर्ण केला, आणि त्यांच्या हॉल तिकिटांवर शिक्के मारताना मला लाज वाटत होती. तेव्हा प्रवेशाआधी विभागात जाऊन सरळ विचारा: कायम शिक्षक किती आहेत? मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती मुलं होती? हा विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित? शेवटच्या प्रश्नावर फी ठरते आणि शिक्षक टिकणंही पुष्कळदा त्यावरच असतं. ऑफिसात विचारायला संकोच वाटला तर कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा. पंधरा-वीस रुपयांत प्रॉस्पेक्टसपेक्षा जास्त माहिती मिळते.

यानंतर दारं बघायची. कुठला विषय घेतल्यावर पुढचं कुठलं दार बंद होतं, हे एका कागदावर लिहून काढा. यूपीएससी, एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, तीन वर्षांच्या एलएल.बी.लाही. तेव्हा 'पुढे कलेक्टर व्हायचंय म्हणून अमुकच घेतो' यात फारसा अर्थ नाही. उलट एम.एस्सी.ला साधारणपणे त्याच विषयातली बी.एस्सी. मागतात, हे दार चटकन बंद होतं. एम.ए.ची दारं जास्त उघडी असतात. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचे पदवीधर येतात. शिक्षक व्हायचं असेल तर विषय शाळेत शिकवला जातो का ते बघा, बी.एड.ला अध्यापनाचा विषय निवडताना ते आडवं येतं. आणि अकरावीतच गणित सोडलं तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर जवळजवळ तिथेच संपतं. इकॉनॉमिक्सची एम.ए., एम.एस्सी. चांगल्या ठिकाणी करायची तर प्रवेश परीक्षेत गणित विचारतात. हे दहावीनंतर घरात कुणी सांगत नाही. बीबीए, बीसीएला 2024 पासून सीईटी आली आहे. मुलं बारावीचा निकाल हातात घेऊन येतात तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेलेली असते, वरातीमागून घोडं.

दार बंद झालं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून 1926 साली बी.ए. झाल्या त्या तत्त्वज्ञान घेऊन. एम.ए. मुंबईला समाजशास्त्रात केलं, डॉक्टरेट 1930 साली बर्लिनला मानववंशशास्त्रात, आणि पुढे बहुतेक काम डेक्कन कॉलेजात. पण आज विषय बदलायचा तर कागद लागतात, आणि कागदांचं मला जास्त कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने ही कागदांची भाषाच बदलली. पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून लागू झालं, बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत आदल्या वर्षी. जनरल-स्पेशल जाऊन मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलं. एका वर्षानंतर थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. अभ्यास आता क्रेडिटमध्ये मोजतात: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं तीस. म्हणून कागदावर दोन क्रेडिट सारखे दिसले तरी प्रॅक्टिकलचा विषय दुप्पट वेळ खातो. रोज सासवडहून ये-जा करणाऱ्या मुलीने हा हिशोब आधी करावा.

खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याकडे मेजर पहिल्या वर्षीच ठरतं की दुसऱ्या? काही ठिकाणी पहिलं वर्ष दोन-तीन विषय सारख्या वजनाने शिकवतात आणि निवड नंतर असते. काही ठिकाणी फॉर्म भरला की ठरलं. ज्याचं मन अजून डळमळतंय त्याने पहिल्या प्रकारचं कॉलेज बघावं, नाव थोडं कमी असलं तरी. मायनरही निष्काळजीपणे भरू नका. दुसरा आवडता विषय तिथे बसवा. आणि भाषेची आवड असेल तर तिला डिग्रीच व्हायला हवं असं नाही. फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानीचे वर्ग डिग्री सांभाळून करता येतात.

बरं, एबीसी आयडी काढून ठेवा. भाचीला मी हे सांगितलं तर म्हणाली, "अप्पा बळवंतला जायला आयडी लागतो?" पुण्यात एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौकच, तिची चूक नाही. हा आयडी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा, डिजिलॉकरवरून निघतो. नाव आधार आणि मार्कशीटवर एकसारखं असू द्या. आईचं नाव एकीकडे आणि आडनावाचं स्पेलिंग दुसरीकडे, यात निम्मा जुलै जातो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी हे मेमध्येच करा. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण दाखला नसेल तर खिडकीवरची बाई काही करू शकत नाही.

घरच्यांचं काय? माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, भूगोल घेऊन काय मास्तरीण होणार?" वाद घातला नाही. पुढच्या खेपेला त्यालाच त्या विभागात नेलं आणि सरांनी त्याच्या शेताचं उपग्रहचित्र स्क्रीनवर काढून दिलं. विहीर ओळखल्यावर तो गप्प झाला. पटलं का, ते अजून बोललेला नाही. फी मात्र त्याने भरली.

फॉर्मवर तिने मेजर जिऑग्राफी लिहिलं, मायनरला स्टॅटिस्टिक्स.

एवढं करूनही चुकलं तर तास सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑफिसात जा. विषय बदलायची शेवटची तारीख नोटीस बोर्डावर लागते, ती फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ज्या विषयात जायचंय तिथे जागा आहे का हे विभागप्रमुखांना आधी विचारून त्यांची सही घ्या, मगच प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. आणि कारणाच्या ओळीत 'वैयक्तिक' लिहू नका. 'तास बसून पाहिले, हा विषय झेपत नाही, तो झेपतो' असं सरळ लिहिलेले अर्ज मी गठ्ठ्यात वर ठेवायचे.