विक्रेता तोतया निघाला तर? वकिलाची जबाबदारी आधीच कशी बांधून घ्यावी

जमीन खरी, मालकाचं नाव खरं, टायटलही (मालकी हक्क) निर्वेध. फक्त सही करायला बसलेला माणूस तो मालक नाही. तोतयाच्या व्यवहारात फसवणूक होते ती एवढ्याच जागी. जमिनीच्या नोंदी तपासून तयार केलेला शोध अहवाल नोंदीवरच्या मालकाचं नाव सांगतो. समोरचा माणूस तोच आहे का, हे त्यात कुठेच नसतं. आपण धरून चालतो की आपल्या वकिलाने ते पाहिलं असेल, आणि आपला वकील धरून चालतो की समोरच्या वकिलाने पाहिलं असेल.

लंडनमधलं ‘ड्रीमव्हार’ प्रकरण असंच घडलं. २०१४ मध्ये ड्रीमव्हार नावाच्या कंपनीने ११ लाख पौंडांना एक घर घेतलं. पैसे निघून गेल्यावर नोंदणीच्या टप्प्यात कळलं की विकणारा तोतया होता. खरेदीदाराच्या वकिलांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तरी भरपाई त्यांच्यावर आली. अशिलाचे पैसे त्यांच्याकडे विश्वस्त म्हणून होते आणि खरी विक्री पूर्ण झाली तरच सोडायचे होते. ती झालीच नव्हती. मे २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने विक्रेत्याच्या वकिलांनाही जबाबदार धरलं.

भारतात वाट जास्त चढाची आहे. वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवलं. त्याआधी २०१२ मध्ये, नुसत्या चुकीच्या कायदेशीर अभिप्रायावरून वकिलावर गुन्हा लागत नाही, कटातला सहभाग दिसावा लागतो, असंही त्याच न्यायालयाने म्हटलं होतं. उरतो तो दिवाणी दावा आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार. दोन्हीकडे पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही वकिलाला नेमकं काय काम दिलं होतं?’ त्याचं उत्तर आधीच कागदावर असलं पाहिजे.

म्हणून काम सोपवतानाच वकिलाला एक ईमेल पाठवा. मजकूर असा चालेल: ‘विक्रेता हाच नोंदीवरचा मालक आहे, याची खात्री आपण कोणत्या पुराव्यावर केली, हे रक्कम देण्यापूर्वी लेखी कळवावे. ही तपासणी आपल्या कामात येत नसेल, तर तसे आताच कळवावे.’ ‘आमच्या कामात येत नाही’ असं उत्तर आलं तरी हरकत नाही. मग ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचं हे तुम्हाला वेळेत कळतं.

पुढचा टप्पा समोरच्या वकिलाचा. तुमच्या वकिलामार्फत त्यांना विचारा: विक्रेत्याला प्रत्यक्ष भेटलात का? ओळखपत्र मूळ पाहिलंत की फोनवर आलेला फोटो? उत्तराची भाषा बारकाईने वाचा. ‘आमच्या अशिलाने दिलेल्या माहितीनुसार’ असं लिहिलं असेल, तर त्या वकिलाने स्वतः काहीच तपासलेलं नाही. ‘आम्ही मूळ ओळखपत्र पाहिले असून नोंदणीकृत मालकाच्या वतीने काम करत आहोत’ हे वाक्य सहीनिशी मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर माझ्या मते व्यवहार तिथेच थांबवावा.

वकिलांवर सोडून न देता स्वतःही पाहा. मालकाने जमीन घेतली तेव्हाच्या दस्ताची नक्कल काढा आणि त्यावरची सही आजच्या सहीशेजारी ठेवा. नोंदीवरच्या पत्त्यावर मालकाच्या नावाने पत्र पाठवा. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर लिहून देणाऱ्याशी थेट बोला, आणि त्याचा नंबर मुखत्याराकडून घेऊ नका, स्वतः शोधा. रिकामी पडून असलेली, कर्जाचा बोजा नसलेली, मालक दूरदेशी असलेली जमीन तोतयांना सोयीची असते, कारण तिथे विचारपूस करायला कुणी येत नाही. त्यात भाव कमी आणि घाई जास्त असेल तर दुप्पट सावध राहा.

पैसे वकिलाच्या किंवा एस्क्रो खात्यात (अट पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडे रक्कम राखून ठेवणारं खातं) ठेवणार असाल, तर ते कोणती अट पूर्ण झाल्यावर सोडायचे हे लिहून घ्या. अंतिम रक्कम मालकाच्याच नावाच्या खात्यात जाऊ दे. वकिलाचा व्यावसायिक विमा आहे का, किती रकमेचा, हेही न संकोचता विचारा. ड्रीमव्हारमध्ये वकिलांनी जबाबदारीतून सूट मागितली होती. ती नाकारताना, त्यांच्याकडे विमा आहे आणि खरेदीदाराकडे नाही, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली.

आणि फसवणूक झालीच, तर पहिला फोन बँकेला करा, रक्कम गोठवता येते का ते पाहा. लगेच पोलिसांत तक्रार द्या. त्यानंतर दोन्ही वकिलांना लेखी कळवा आणि आपल्या वकिलाकडून संपूर्ण फाइलची प्रत मागून घ्या. हे सगळं त्याच वकिलाच्या सल्ल्याने करू नका. आता त्याचं आणि तुमचं हित एक राहिलेलं नाही. दुसरा वकील नेमा आणि सुरुवातीचा तो ईमेल व त्याचं उत्तर त्याच्या हातात द्या.