आई ‘घरीच असते’ तेव्हा : संपादन प्रेरणेच्या अभ्यासात गट कसे पाडावेत

आईची नोकरी आणि किशोरवयीन मुलांची संपादन प्रेरणा, म्हणजे यश मिळवण्याची आतली ओढ, या विषयावर लघुप्रबंध करणारे विद्यार्थी बहुधा ‘नोकरदार’ आणि ‘गृहिणी’ असे दोन गट पाडून मोकळे होतात. सोलापुरात ही विभागणी पहिल्याच प्रश्नाला फसते. पूर्व भागातल्या नववीच्या मुलीला आई काय करते असे विचारले, तर ‘घरीच असते’ असे उत्तर येते; प्रत्यक्षात ती आई सकाळी कारखान्यात कालच्या विड्या मोजून देऊन, पाने आणि तंबाखू घेऊन परतलेली असते आणि मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत विड्या वळत असते.

म्हणून माहितीपत्रकात आई काम कोठे करते, पगार महिन्याचा की मजुरी हजार विड्यांवर, तास किती आणि मूल त्या कामाला हात लावते का, हे चारही प्रश्न ठेवावेत. शेवटचा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, कारण तिथे आईचे काम थेट मुलाच्या अभ्यासाच्या वेळेत शिरते. यावरून पगारी नोकरी, घरबसल्या मजुरी आणि अर्थार्जन नाही, असे तीन गट पाडावेत.

प्रेरणा मोजण्यासाठी परीक्षेचे गुण घेऊ नयेत. गुण ही संपादणूक झाली, प्रेरणा नव्हे. मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांनी ती मोजण्यासाठी चित्रे दाखवून गोष्टी लिहून घेतल्या, पण एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला देव-मोहन यांची 50 विधानांची संपादन प्रेरणा मापनी अधिक सोयीची पडते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या दहा-बारा मुलांकडून ती आधी भरून घ्यावी आणि कोणत्या शब्दावर ती अडतात ते पाहावे.

तीन गटांच्या सरासरींची तुलना एफ मूल्याने, म्हणजे गटांमधला फरक गटांच्या आतल्या फरकाशी ताडून, करता येते. मात्र फरक आढळला तरी तो नोकरीमुळेच पडला असे लिहू नये, कारण शिक्षिकेची मुलगी आणि विडी कामगाराची मुलगी यांच्यात आईचे शिक्षण, घरचे उत्पन्न आणि शाळाही वेगळी असते. शक्य तर नमुना एकाच वस्तीतून घ्यावा. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची 10,000 घरे आहेत, तिथे निदान घराचा आकार तरी सारखा मिळतो.

पालकांची लेखी संमती घ्यावी, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक टाकावा आणि ती भरताना वर्गशिक्षकांना बाहेर थांबण्याची विनंती करावी. ते शेजारी उभे असले, की आई विड्या वळत असली तरी मुले तिच्या कामाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असेच लिहितात.