दसऱ्याच्या आपट्याच्या काड्या फेकू नका, साल काढून दोरी वळा

दसऱ्याला नागपुरात बाजारात सोनं म्हणून आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात न, संध्याकाळी पानं वाटून झाली की काड्या सरळ कचऱ्यात. अन् आपट्याच्या आतल्या सालीत चांगला चिवट वाख असते, त्याची दोरी होते. क्राफ्टसाठी साल पाहिजे तर आधी ह्याच काड्या, नाहीतर छाटणीच्या फांद्या, उभ्या झाडाला चाकू लावायचाच नाही.

काहून? पानांनी बनवलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जाते, खोडाभोवती गोल साल काढली की मुळं उपाशी, झाड सावकाश वाळते, म्हणून करणाऱ्याला कळत पण नाही काय करून ठेवलं ते. शिवाय शहरातली झाडं जपायचा राज्याचा १९७५ चा कायदा आहेच, अंगणातलं झाड तोडायलाही मनपाची परवानगी लागते. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा म्हणजे जंगल, तिथून काहीच उचलायचं नाही.

अंगठ्याएवढी जाड, सरळ, कमी गाठींची काडी निवडा अन् त्याच दिवशी सोला, सुकली की साल लाकडाला चिकटून बसते मग निस्ते तुकडे निघतात. टोकापासून टोकापर्यंत एक उभी चीर द्या, चाकूच्या पाठीनं कड उचला, मग अंगठा आत सरकवत सरकवत न्या, घाई केली की पट्टी गाठीपाशी तुटते. वरचा खरबरीत भाग खरवडून टाका, आतला लवचिक पट्टा ठेवा. सावलीत पूर्ण सुकवायचा, जराही ओल राहिली की बुरशी, मग गुंडाळी करून ठेवा.

वळायच्या आधी पाण्यात भिजवा, मऊ झाला की बारीक चिरा. दोन पदर घ्या, प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्या अन् दोन्ही एकमेकांवर डावीकडे टाका, उलट पीळ असला तरच दोरी सुटत नाही. पदर संपत आला की नवीन पट्टी जोडा, पण दोन्ही पदरांत एकाच जागी जोड नको हं, तिथूनच तुटते.

वादळानं बाभूळ पडली अन् जागेच्या मालकानं हो म्हटलं तर तिची साल कुटून रात्रभर भिजवा, उकळा, गाळा, सुती कापडाला तपकिरी रंग येते. त्या पाण्यात गंजलेले खिळे टाकून ठेवले की रंग काळपट होते, पण पोरीच्या पांढऱ्या ड्रेसवर ट्राय नका करू, चिंधीवर आधी पाहा.