महाराजांनी मत बदललं असं कळलं, की आधी काय करावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी सप्ताहाच्या दिंडीत मी अकरा वर्षं डोक्यावर तुळस घेतली. २००९ साली आमचे हे गेले. पुढच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनात महाराज म्हणाले, तुळस सवाशिणीच्याच डोक्यावर शोभते. माझं नाव घेतलं नाही, पण मांडवातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग २०२२ च्या आषाढात त्याच महाराजांची क्लिप व्हॉट्सॲपवर आली: ‘विधवा बाईनं तुळस घेतली तर विठ्ठल कोपतो काय?’ मी आधी रडले. मग वही काढली. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर ती सवय सुटत नाही.

अशी बातमी तुमच्याकडे आली, मग ती कीर्तनकारांची असो, मठातल्या स्वामीजींची असो की चर्चमधल्या फादरांची, तर पहिल्यांदा पूर्ण भाषण मिळवा. सप्ताहाचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा स्पीकरवाल्याकडे असतं, मागितलं की देतो. मला मिळालं तेव्हा कळलं की क्लिपमध्ये पुढचं वाक्य कापलेलं होतं: ‘घरच्यांची आणि गावाची संमती असली म्हणजे झालं.’ दार उघडलं होतं, पण कडी गावाच्याच हातात ठेवली होती.

आपल्या सीमाभागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्वामीजी कानडीत बोलतात आणि आपल्या ग्रुपवर त्याचं मराठी फिरतं. कानडीत ‘बेकागिल्ल’ म्हणजे गरज नाही, आणि ‘माडबारदु’ म्हणजे करू नये. बांगड्या फोडायची गरज नाही आणि बांगड्या फोडू नयेत, या दोन वाक्यांत एका बाईचा अख्खा जन्म बसतो. मराठीत येताना हा फरक पुसला जातो. म्हणून कानडी घरात वाढलेल्या शेजारणीला ते दोनदा ऐकवा आणि मूळ शब्द वहीत उतरवा. त्याच्या शेजारी जुनं मत लिहा, कुठे आणि कधी सांगितलं त्यासकट. जुनं लिहिलेलं नसलं की दोन वर्षांत सगळेच म्हणायला लागतात, महाराज पहिल्यापासून हेच सांगत होते.

मग बघा, बदल आला कुठून. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ च्या पाडव्याला बायकांना खुला झाला, पण त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला होता. बदल खराच, पण ढकललेला. आमच्या महाराजांच्या बोलण्यामागे हेरवाड होतं. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ते परिपत्रक आम्हाला लागू नाही, आम्ही कर्नाटकात. म्हणून तर इथे महाराजांच्या तोंडचा शब्द इतका मोलाचा. बाहेरून रेटा आला म्हणून मी बदलाला खोटा म्हणत नाही. पंढरपूरचं मंदिर तरी १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणाशिवाय कुठे सर्वांना उघडलं?

मत व्यक्तीचं की संस्थेचं, हेही विचारा. पोप फ्रान्सिस यांच्या काळात २०१८ साली कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला फाशीबद्दलचा परिच्छेदच बदलला. क्रमांक २२६७. जुना आणि नवा मजकूर कुणीही शेजारी ठेवून वाचावा. कीर्तनातल्या वाक्याला असा क्रमांक नसतो. महाराज पुढच्या गावी वेगळं बोलले तर त्यांना धरायचं कशावर?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जुनं चुकलं असं ते म्हणतात का? अमेरिकेतले सदर्न बॅप्टिस्ट हे ख्रिस्ती पंथातले लोक १८४५ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळे झाले होते, गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूनं. १९९५ मध्ये त्यांनी ठराव करून कृष्णवर्णीयांची माफी मागितली. दीडशे वर्षं लागली, पण मागितली. ‘काळ बदलला’ एवढंच म्हटलं तर ज्या बाईनं भोगलं तिच्या पदरात काही पडत नाही.

हे विचारायला मी स्वतः गेले, आणि कसं जावं ते नीट सांगते. माईकसमोर, माणसांत कधीही विचारू नका. चारचौघांत अडवलेला माणूस जुनंच मत घट्ट धरतो. दुपारी, जेवणं झाल्यावर जा. सोबत एखादी वयस्क बाई घ्या, मी मोठ्या जाऊबाईंना नेलं. पाया पडा, ते मनापासून करा. आधी नव्या शब्दाबद्दल आभार माना, मग एकच प्रश्न विचारा. मी म्हटलं, ‘महाराज, तेव्हा मी तुळस खाली ठेवली, ती आपल्या शब्दावर. तो शब्द बरोबर होता का?’ आणि गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात अवघड. जाऊबाई काही बोलणार होत्या, त्यांचा हात मी दाबून धरला.

बऱ्याच वेळानं महाराज म्हणाले, ‘बाई, थोरांकडून ऐकलं तेच मी बोललो. तुमचा विचार केला नाही.’

मी विचारलं, हे गादीवरून सांगाल का? त्यांनी होय म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तेवढ्यावर घरी आलात तरी काम थांबवू नका. सप्ताहाची पत्रिका छापायला जाण्याआधी कमिटीला गाठा. ‘दिंडीत तुळस घेण्यासाठी सर्व माता-भगिनींनी यावे’ एवढी एक ओळ घालायला सांगा, आणि ‘सर्व’ हा शब्द गाळू देऊ नका. पत्रिका घरोघरी गेली की ती महाराजांनाही जाते. आमच्याकडे पहिल्या वर्षी कमिटीनं ओळ घातली नाही, दुसऱ्या वर्षी घातली. त्या काल्याला महाराजांनी माझ्याशी बोललेलं वाक्य मांडवात जसंच्या तसं सांगितलं. तारीख वहीत आहे. दिंडी निघताना जाऊबाईंनी माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर तुळस दिली.